परवा म्हणजे नेमकं कधी

ध्वनिमुद्रकाचं काम आवाजाशी असतं, असा बाहेरच्यांचा समज. माझी तरी सगळी हयात नको ते आवाज बाहेर ठेवण्यात गेली. हैदराबादच्या चिक्कडपल्लीत एका मिठाईच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर माझा स्टुडिओ होता, पलीकडच्या दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड. स्टुडिओची खोली अजून आहे, आता तिथे शिवणाचा क्लास चालतो. एकामागे एक दोन दारं, भिंतींना फोम, खाली जाड सतरंज्या, खिडकी विटांनी बुजवलेली. एवढं करूनही खालच्या थांब्यावर बस उभी राहिली की तिचं इंजिन माझ्या माइकात घरघरायचं. आतला आवाज मात्र जिन्यात जराही ऐकू यायचा नाही. गवंड्यानं भिंती उलट्या बसवल्या, असं माझी बायको मालती म्हणायची.

ढोल वाजत असले की त्यात बस खपून जाते. हळू म्हटलेल्या गाण्याचं तसं नसतं. त्यात गाणाऱ्याचा श्वास ऐकू येतो, ओठ उघडल्याचंही कळतं, आणि त्यामागे बस आली की ते गाणं पुसून परत घ्यावं लागतं. म्हणून माझ्याकडे यायची ती बहुतेक दणक्याची कामं: जत्रेची तेलुगू भजनं, लग्नाच्या सीड्या, कोठी बाजारातल्या दुकानांच्या जाहिराती. बेगम बाजारातले एक मसाल्याचे ठोक व्यापारी स्वतःच्याच आवाजात जाहिरात करायला आले होते. आवाज बारीक, अगदी सातवीतल्या पोराचा. ऐकून म्हणाले, “इसमें थोडा वजन डालो भाई, मैं सेठ हूं, नौकर नै.” मी यंत्रावर आवाज जरा जाड करून दिला, तर घरच्यांनी तो ओळखलाच नाही. दुसऱ्या दिवशी परत येऊन म्हणाले, मेराच रहने दो.

मग वेगळ्या तेलंगणाच्या चळवळीची वर्षं आली आणि राजकीय गाण्यांचा पूर लोटला. सकाळी वेगळं राज्य मागणारे यायचे, दुपारी एकत्र राज्यवाले. कोरसला बायका त्याच. त्यातली एक माइकसमोर उभी राहण्याआधी मला हळूच विचारायची, “इप्पुडु एव्वरिदी, सार?” म्हणजे आता कुणाचं? एकदा जेवणानंतर सगळ्यांना सुस्ती आली आणि एकत्र राज्याच्या गाण्यात सकाळची वेगळ्या राज्याची ओळ जोरात लागली. पुढारी समोर बसलेले. सुदैवानं त्यांचंही जेवण नुकतंच झालं होतं.

त्या वर्षांत सारखे बंद असायचे. बस डेपोत, ऑटो घरी, दुकानांची शटर खाली. सगळ्यांचे धंदे त्या दिवशी बसायचे आणि माझा उठायचा, कारण चिक्कडपल्लीत अशी शांतता पसरायची की समोरच्या गल्लीतल्या कुकरच्या शिट्ट्या मोजता याव्यात. लोकांच्या हालांवर आपलं साधतंय याची मला लाज वाटायची. पण बंदची बातमी आली की मी पहिल्यांदा हळू गाणी असणाऱ्यांना फोन करायचो, हेही खरं.

‘टाकी’ नावाचा बँड माझ्याकडे आला तो या दिवसांत. गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली सराव करायचे म्हणून हे नाव. तिघंच होते. गिटार वाजवणारा इम्रान याकूतपुऱ्याचा, ड्रम वाजवणारा किशोर आंध्रातल्या, गुंटूरकडच्या घरातला, आणि गाणारी सुजाता. सुजाता काचीगुड्याची, माणसं मूळची नांदेडकडची, वडील रेल्वेच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले, स्वतः विमा कंपनीत नोकरीला. मी विचारलं, तुमचं हे कसलं संगीत? इम्रान म्हणाला, “ऑल्टरनेटिव्ह रॉक, चच्चा.” ऑल्टरनेटिव्ह म्हणजे पर्याय ना, मग पर्याय कशाला? “आप रोज जो रेकॉर्ड करते ना, उसको.” पोरगं मला तिथंच आवडलं.

गाणी दखनीत, म्हणजे हैदराबादी उर्दूत होती, तेलुगूत होती आणि थोडी दोन्हीत मिळून. दणकेबाज, पण आतून कुठेतरी रुसलेली. सुजातानं शेवटी आणखी एक असल्याचं सांगितलं. त्या दिवशी ती एकटीच तारखा ठरवायला आली होती.

“काका, एक मराठी बी हाय. हळू हाय जरा. आई परवा गेली ना, तिच्यावर केलंय.”

मी कानावरचे हेडफोन काढले. “परवा?”

“हौ, परवा.”

“आणि तू इथं काय करायलीस?”

“तारखा घ्यायच्यात ना.”

ही पोरगी दुःखानं बधिर झाली आहे, असं मी धरून चाललो. तिला हाताला धरून खाली नेलं, ऑटोत बसवलं आणि म्हटलं, आत्ताच्या आत्ता घरी जा, बाबांजवळ बैस. त्या दिवसांत कुणी लगेच घरी जा म्हटलं की माणसं कारण विचारत नसत. कुठेतरी दगडफेक सुरू झाली असेल असं समजून ती निमूट गेली.

दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, डबा दुसऱ्यांनी न्यायचा. मालतीनं पिठलं-भाकरी केली आणि संध्याकाळी आम्ही दोघं काचीगुड्याला पोचलो. दार तिच्या वडिलांनी उघडलं. किसनराव त्यांचं नाव. बनियनवर होते, हातात टीव्हीचा रिमोट. मी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणालो, “फार वाईट झालं.”

“वाईटच की,” ते म्हणाले, “बसगाड्या जाळायलेत. या, आत या.”

मी आणखी काही बोलणार तोच मालतीनं कोपरानं ढोसलं. भिंतीवर बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरींच्या बाजूला एका बाईचा फोटो होता. त्याचे रंग उडून सगळा निळसर झाला होता, आणि त्यातली बाई सुजाताच्याच वयाची होती. एवढ्यात सुजाता आतून आली, डबा बघितला, माझा चेहरा बघितला आणि तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

“काका! मी दुसरीत होते तवा.”

“मग परवा काय म्हणतेस?”

“मंग काय म्हणू? परवाच की.”

आता हैदराबादेत जन्म काढलेल्या माणसाला हे कळायला हवं होतं. इथल्या दखनीत ‘परसों’ म्हणजे होऊन गेलेला कुठलाही दिवस. परसों शादी हुई म्हणणाऱ्याचा मुलगा कॉलेजात असतो. उर्दू बोलताना मीही सर्रास तसंच बोलतो. पण माझं मराठी घरचं, उदगीरकडचं, त्यात परवा म्हणजे परवा. या पोरीनं तो परसों उचलून मराठीत आणून ठेवला होता, आणि तोही मरणाच्या जागी. मी डबा हातात धरून तसाच उभा राहिलो.

किसनरावांनीच सोडवलं. “भाकरी हाय का? मंग बसा की,” म्हणाले, आणि आम्ही चौघं त्यांच्या घरी आमचंच पिठलं जेवलो. ते मन लावून जेवत होते. गप्पा चालू ठेवाव्यात म्हणून मी विचारलं, वहिनींना झालं काय होतं? त्यांनी हातातला घास ताटात ठेवला, उठले, हात धुतले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

“बाबा आईचं बोलत नाहीत,” सुजाता हळू म्हणाली. “कधीच नाही. मी काय आठवलं म्हणून सांगाया लागले की असेच उठून जातेत. मला तिचं जेवढं आठवतं तेवढंच हाय माझ्याजवळ, काका. ते सगळं गाण्यात घातलंय. बाबांनी एकदा बसून ऐकावं. अल्बम चालो नाहीतर न चालो.”

गाणं तिनं मला तिच्या फोनवर दाखवलं. मराठी तिला बोलता येतं, वाचता अक्षर अक्षर लावून, म्हणून लिहिलं होतं तेलुगू अक्षरांत. मला तेलुगू वाचता येतं, तेव्हा आमचं दोघांचं काही अडलं नाही.

परवा गेली आई,
परवा येते म्हणाली,
दोन्ही परवांच्या मधी मी
कंगवा घेऊन बसलेली.

दवाखान्यात जाताना आई परवा येते म्हणाली होती. मराठीत परवा मागचाही असतो आणि पुढचाही, हे मला तोवर कधी सुचलं नव्हतं. शब्द संपल्यावर नुसती गुणगुण होती. ती चाल आईची, सुजाता म्हणाली. आई पाठीमागं बसून वेणी घालायची आणि हेच गुणगुणायची. फोटोतला सोडला तर आईचा चेहरा आता आठवत नाही, पण केस ओढले जायचे ते आणि ही गुणगुण पक्की आठवते. मालतीनं पदरानं नाक पुसलं.

मग बंद पाहून काम सुरू झालं. रॉकची गाणी एकदम सगळे वाजवून घेत नाहीत. आधी ड्रम, मग त्यावर गिटार, मग गळा, असे थर चढवत जातात, आणि आधी वाजवलेलं दुसऱ्याच्या कानात सोडतात. गळा एकटाच घ्यायचा तर शांतता हवी, म्हणून बंदच्या दिवशी सुजाता काचीगुड्याहून चालत यायची आणि तिच्यासोबत किसनराव यायचे. रस्त्यावर काय होईल सांगता येत नाही, पोरीला एकटीला कसं पाठवावं? आणून सोडायचे आणि जिन्यात पायरीवर पेपर घेऊन बसायचे. मी आत बोलवायचो. “नको, इथं वारं हाय,” म्हणायचे. वारं कुठलं, मिठाईवाल्यानं शटर ओढून आत पेटवलेल्या भट्टीची धग यायची. चहा मात्र घ्यायचे. माझ्या त्या उलट्या भिंतींमुळे आतलं एक अक्षर त्यांच्या कानावर पडत नव्हतं, आणि सुजाता दर वेळी दार उघडताना एकदा त्यांच्याकडे बघायची.

दणक्याची गाणी झाली. मराठी गाणं राहिलं. ते म्हणायला उभी राहिली की दुसऱ्या ओळीला तिचा गळा दाटायचा. श्रोत्याला रडू आलं तर चालतं, गाणाऱ्याला येऊन चालत नाही, कारण डोळ्यांच्या आधी गळा बंद होतो. आज नको, पुढच्या बंदला घेऊ, असं आम्ही म्हणत राहिलो.

आणि राज्य झालं! चिक्कडपल्लीत ढोल, फटाके, गुलाल, रस्त्यावर नाच. मिठाईवाल्याला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. लोकांचा आनंद खरा होता, मीही खाली उतरून पेढा खाल्ला. किशोरच्या घरी तो दिवस वेगळा गेला. त्याचे वडील सरकारी नोकरीत, त्यांची नेमणूक आता पलीकडच्या आंध्रात होणार हे दिसत होतं. इम्राननं त्याला काही विचारलं नाही, पेढा तेवढा दिला. त्या दोघांचं भांडण आधीही लयीवरनंच व्हायचं, पुढेही त्यावरनंच होत राहिलं.

पण आता बंद कुणी करेना. ज्यासाठी करायचे ते मिळालं होतं. बस जोरात, ऑटो जोरात, आणि आमचं हळू गाणं तसंच लटकलेलं. दुसरीकडे चांगल्या स्टुडिओत घ्या, मी स्वतःच म्हटलं. सुजाता म्हणाली, नक्को काका, इथंच.

तेवढ्यात नव्या सरकारनं घरोघरची पाहणी काढली. सगळ्यांनी एका दिवशी आपापल्या घरी थांबायचं, माणसं येऊन कुटुंबाची माहिती लिहून घेणार. गावाकडे नाव लागावं म्हणून निम्मं शहर आदल्या दिवशीच बसगाड्या भरून गेलं. त्या सकाळी मी गॅलरीत आलो तर बंदला लाजवेल असा शुकशुकाट. मी फोन उचलला. काचीगुड्यात माहितीवाले भल्या सकाळीच येऊन गेले होते. सुजाता आली, इम्रान आणि किशोरही आले. किसनराव प्रथमच आले नाहीत. आता रस्त्यात काय भीती, म्हणाले.

पहिल्यांदाच ती तिसऱ्या ओळीपर्यंत न अडखळता गेली. चौथी ओळ, गुणगुण सुरू, आणि दाराची बेल वाजली. आमच्याकडचे माहितीवाले आले होते, शाळेतले एक मास्तर. हातात कागद. “घरात माणसं किती?” त्यांनी आतल्या तिघांकडे आणि ड्रमकडे संशयानं बघत विचारलं. मी म्हटलं, ही माझी नव्हेत, पोरगी काचीगुड्याची. “मग काचीगुड्याची इथं कशी?” यावर इम्राननं असं काही समजावून सांगितलं की मास्तर आणखी गोंधळले आणि सुजाता हसत हसत सतरंजीवर बसली. मास्तर गेले. ती उठली, पाणी प्यायली, आणि हसून मोकळ्या झालेल्या गळ्यानं एका दमात गाणं म्हणून गेली. मला काही करावं लागलं नाही. मी तेवढं यंत्र बंद केलं.

अल्बम चालला का? लोक हेच विचारतात. नाही चालला. एका कॅफेत त्यांनी कार्यक्रम केला, खुर्च्या भरल्या त्या बऱ्याचशा नातेवाइकांनी. कॉलेजच्या पोरांना तेलुगू गाणं आवडलं, तेवढं काही दिवस गाजलं. इंटरनेटवर कौतुकाचे चार शब्द आले. मराठी गाण्यावर पुण्याच्या कुणा जाणकारानं लिहिलं की दोन दिवसांपूर्वीचं, अजून ओलं दुःख इतक्या संयमानं गायलेलं त्यानं ऐकलं नव्हतं. खाली लोकांनी सांत्वनं लिहिली, घरच्यांची काळजी घ्या म्हणून सांगितलं. मी सुजाताला म्हटलं, बघ, माझ्यासारखे आणखी आहेत, सगळ्यांना पिठलं करायला सांगतो. ती खूप हसली. मग म्हणाली, “पण काका, त्यांचं चुकलं कुठं?”

घरात सीडी टीव्हीशेजारी पडून होती. किसनरावांनी तिला हात लावला नव्हता. इम्रान म्हणायचा, अब्बा को सीधा सुना दो, पण सुजाताला ते नको होतं. त्यांनी आपणहून ऐकायला हवं होतं. दिवस जात होते आणि ती आता त्या सीडीबद्दल बोलेनाशी झाली.

एका दुपारी सुजाता माझ्याकडे कसल्याशा जाहिरातीचा आवाज द्यायला आली होती. दार वाजलं. किसनराव उभे, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात ती सीडी. बंद नव्हता, पोरीला सोडायचं नव्हतं, तरी आले होते.

“विहारात लोक विचारायलेत,” ते माझ्याकडे बघत म्हणाले, “पोरीनं आईवर गाणं केलं म्हणं, कसं झालंय? मला काय सांगावं कळंना. लावा जरा.”

ते खुर्चीवर बसले. सुजाता भिंतीला टेकून खाली बसली, पायाची बोटं घट्ट आवळून. मी गाणं लावलं. पहिला परवा झाला, दुसरा परवा झाला. त्यांची मान खाली. कंगव्याची ओळ आली तेव्हा उठतात की काय असं मला वाटलं, पण नाही उठले. मग शब्द संपले, गुणगुण सुरू झाली, आणि किसनरावांची मान नकारार्थी हलली.

“अशी नाही,” ते म्हणाले. “तिथं खाली यायचं.” आणि त्यांनी स्वतः गुणगुणून दाखवलं. खरखरीत आवाज, पण सूर पक्का. सुजाताच्या चालीत शेवटी काहीतरी अर्धवट राहायचं, ते मला पहिल्या दिवसापासून टोचत होतं. ते पुरं झालं.

गाणं संपलं होतं. सुजाता त्यांच्याकडे बघत होती. “बाबा, तुम्हाला कशी ठाव?”

ते चपापले. आपण बोललो हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. सीडी त्यांनी या हातातून त्या हातात घेतली.

“तुझ्या आईला कुठं गाता यायचं गं,” ते शेवटी म्हणाले. “सूर म्हणून नव्हता. आणि आजारपणात तिचे हात वर उठत नव्हते. तुझी वेणी मीच घालायचो. ती समोर खाटेवर बसून सांगायची, असं घाला, तसं घाला. तू रडायचीस केस ओढले की. म्हणून मी आपलं काहीतरी गुणगुणायचो.”

“तुम्ही?”

“तू तिचं म्हणून जे जे सांगतीस ना, त्यातलं निम्मं माझं हाय. बोलाया लागलो असतो तर ते तुझ्याकडनं काढून घ्यावं लागलं असतं. मंग तुझ्याजवळ तिचं काय राहिलं असतं? म्हणून उठून जायचो.”

मी माझ्या यंत्राची बटणं पुसत बसलो. सुजाता गुडघ्यांवर पुढे सरकली आणि तिनं त्यांच्या हातातली सीडी घेतली. मागच्या बाजूला गाण्यांच्या नावांखाली लिहिलं होतं, ‘परवा’, चाल: कलावती. कलावती तिची आई.

“हे चुकीचं छापलंय, बाबा,” ती म्हणाली. “मी बदलते. इंटरनेटवर आजच बदलता येतं. तुमचं नाव घालते.”

किसनरावांनी सीडी तिच्या हातातून परत घेतली, चष्मा वर सरकवला आणि ती लांब धरून ते नाव एकदा वाचलं.

“नको. राहू दे तिच्याच नावावर,” ते म्हणाले. “ह्याच्या आधी तिचं नाव कुठं छापून आलं होतं?”